बांबूच्या धनुष्यावर कार्बनचा बाण चालतो का? निवड कशी करायची, जुळणी कशी करायची?

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तिरकमठा कुणाला नवा नाही. गोंड आणि माडिया समाजात बांबूचं धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुसरीकडे कार्बनचे बाण आता ऑनलाइन डझनाच्या हिशोबाने मिळतात. वाकत नाहीत, पावसात फुगत नाहीत, सगळे एकसारखे. त्यामुळे एक प्रश्न साहजिक आहे. धनुष्य घरचं, बाण कार्बनचा, असं जमतं का?

थोडक्यात उत्तर : जमतं. पण दुकानातला तक्ता बघून घेतलेला बाण बहुतेक वेळा जमत नाही. बांबूच्या धनुष्याला तक्त्यात दाखवतात त्यापेक्षा मऊ आणि जड बाण लागतो. इथे चूक झाली तर नेम चुकतोच, शिवाय धनुष्य तुटू शकतं आणि हातालाही इजा होऊ शकते.

कार्बनच्या बाणात विशेष काय आहे?

कार्बनचा फायदा वेगापेक्षा सारखेपणात आहे. बांबूच्या प्रत्येक काडीची जाडी, पेरं आणि वजन वेगळं असतं. त्यामुळे एकाच धनुष्यातून सुटलेले सहा बाण सहा तऱ्हांनी वागतात. अनुभवी तिरंदाज आपल्या बाणांची खोड ओळखतो आणि हात त्याप्रमाणे वळवतो. नवशिक्याला मात्र कळत नाही, की चूक हाताची होती की बाणाची.

कार्बनच्या एकाच जोडातले बाण वजनाला आणि ताठपणाला जवळपास सारखे असतात. गडचिरोलीच्या पावसाळ्यात बांबूची काडी ओल धरते, वाकते. कार्बनवर ओलीचा परिणाम जवळजवळ होत नाही.

तोटेही आहेत. बांबूचा बाण वाकला तर शेकोटीवर शेकून सरळ करता येतो, तुटला तर गावातच दुसरा होतो. कार्बनचा बाण तडकला की तो कायमचा बाद.

'स्पाइन' म्हणजे काय?

कार्बनच्या काडीवर ४००, ५००, ६०० असे आकडे छापलेले असतात. हा आकडा म्हणजे स्पाइन, अर्थात काडी किती वाकते याचं माप. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी आडवी ठेवतात आणि मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. काडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाकली तर तिची स्पाइन ५००. सुमारे १५ मिलिमीटर वाकली तर ६००.

इथे अनेकांची गफलत होते. आकडा मोठा म्हणजे बाण ताठ, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. आकडा जितका मोठा, तितका बाण मऊ.

लाकडी बाणांची स्पाइन वेगळ्या पद्धतीने मोजतात आणि ती पाउंडात सांगतात. त्यामुळे लाकडी बाणाचा आकडा कार्बनच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये.

बाण वाकायलाच का हवा?

बांबूच्या धनुष्यात बाण मधोमध नसतो. तो मुठीच्या बाजूला टेकतो. उजव्या हाताने दोरी ओढणारा तिरंदाज बाण सहसा धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवतो. म्हणजे दोरी ओढलेली असताना बाणाचं टोक लक्ष्याच्या थोडं डावीकडे असतं. तरीही बाण सरळ जातो. तो कसा?

दोरी सुटली की बाणाच्या शेपटाला जोराचा धक्का बसतो आणि बाण क्षणभर कमानीसारखा वाकतो. ही कमान धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे निघते आणि मग बाण दोन्ही बाजूंना लपलपत सरळ होतो. याला तिरंदाजीत 'आर्चर्स पॅराडॉक्स' म्हणतात. डोळ्यांना हे दिसत नाही, अतिवेगवान कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं.

बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर तो वळसा घेत नाही, दांड्याला घासतो आणि डावीकडे जातो. फार मऊ असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो.

तक्ता का फसवतो?

नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. दोघेही कंपाउंड प्रकारात खेळतात. कंपाउंड धनुष्याला कप्प्या असतात, बाण जवळपास मधोमध बसतो आणि दोरी बोटांऐवजी एका छोट्या यंत्राने सुटते. त्यामुळे बाण बाजूला फारसा वाकत नाही आणि ताठ बाण चालतो.

बाजारातले बरेच तक्ते कंपाउंडसाठी किंवा मधोमध खाच कापलेल्या आधुनिक रिकर्व्हसाठी असतात. बांबूच्या धनुष्याला अशी खाच नसते, दांडा पूर्ण जाडीचा असतो. बाणाला वळसा मोठा घ्यावा लागतो, म्हणून तो अधिक मऊ हवा. ४० पाउंड ओढीच्या कंपाउंडला चालणारा बाण ४० पाउंडाच्या बांबूच्या धनुष्यावर ताठच ठरतो.

आधी धनुष्य मोजा

बाण घेण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात.

*ओढीची लांबी.* एक लांब, हलकी काडी दोरीला लावा आणि रोजच्या सवयीने ओढा. दुसऱ्या माणसाने धनुष्याच्या पुढच्या कडेपाशी काडीवर खूण करावी. खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची ओढ. कुणी छातीपर्यंत ओढतं, कुणी हनुवटीपर्यंत. दोघांच्या ओढीत काही इंचांचा फरक पडतो. दोरी ओढलेली असताना ती सोडायची मात्र नाही. हळूहळू मागे आणायची.

*ओढीचं वजन.* कारखान्यातल्या धनुष्यावर लिहिलेलं वजन साधारणपणे २८ इंच ओढीचं असतं. गावात केलेल्या धनुष्यावर काहीच लिहिलेलं नसतं. धान्य किंवा सामान मोजायचा हुकाचा डिजिटल काटा इथे कामी येतो. काट्याचा हुक दोरीच्या मध्यावर अडकवा, तुमच्या ओढीच्या खुणेपर्यंत ओढा आणि आकडा वाचा. १८ किलो आले तर ओढ सुमारे ४० पाउंड. ओढ एका इंचाने कमी-जास्त झाली तर वजन साधारण दोन-तीन पाउंडांनी बदलतं.

हे माप पहाटेच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात सारखं येईलच असं नाही. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णता आणि ओल या दोन्हींनी बांबूचं धनुष्य थोडं ढिलं पडतं. म्हणून ज्या वेळी सराव करता त्याच वेळी मोजा.

कोणती स्पाइन घ्यायची?

पूर्ण जाडीच्या दांड्याचं धनुष्य, सुमारे ३० इंचांची न कापलेली काडी आणि १२५ ग्रेनचं टोक धरून सुरुवातीचा अंदाज असा :

– २५ ते ३० पाउंड ओढ : ८०० ते १०००
– ३० ते ३५ पाउंड : ७०० ते ८००
– ३५ ते ४० पाउंड : ६०० ते ७००
– ४० ते ४५ पाउंड : ५०० ते ६००
– ४५ ते ५० पाउंड : ५०० च्या आसपास

ही फक्त सुरुवात आहे. एकदम डझनभर बाण घेऊ नका. शेजारच्या दोन स्पाइनच्या दोन-दोन काड्या आणि १००, १२५, १५० ग्रेनची टोकं घ्या. चाचणीनंतर जे जुळेल त्याचाच पूर्ण जोड मागवा.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी पाहा. 'कार्बन मिक्स' किंवा 'मिक्स कार्बन' नावाने विकल्या जाणाऱ्या काड्यांमध्ये फायबरग्लासही असतं. त्या वापरता येतात, पण शुद्ध कार्बनसारखा सारखेपणा मिळेलच असं नाही. दुसरं, काडीचा आतला व्यास. ६.२ मिलिमीटर व्यासाच्या काड्यांना टोकं आणि नॉक सहज मिळतात. फार बारीक काडी घेतली तर सुटे भाग शोधत बसावं लागतं.

वजन कमी असेल तर काय बिघडतं?

दोरी सोडल्यावर धनुष्यातली ताकद बाणात जायला हवी. बाण फार हलका असेल तर उरलेली ताकद धनुष्याच्या दांड्यातच धक्क्याच्या रूपात फिरते. बाण न लावता दोरी सोडल्यावर जे होतं, तेच थोड्या प्रमाणात होतं. आधुनिक धनुष्य हा धक्का काही काळ सोसतं. बांबूचं धनुष्य तडकू शकतं.

म्हणून प्रत्येक पाउंड ओढीमागे १० ग्रेनच्या आसपास वजन धरावं आणि ८ च्या खाली जाऊ नये. किलो-ग्रॅममध्ये सांगायचं तर प्रत्येक किलो ओढीमागे सुमारे १.४ ग्रॅम. ४० पाउंडाच्या धनुष्याला ४०० ग्रेन, म्हणजे जवळपास २६ ग्रॅमचा बाण लागतो.

हिशोब करून पाहू. इंचाला ७ ग्रेन वजनाची ३० इंची काडी २१० ग्रेनची झाली. आतली बूच १५, नॉक १०, पिसं १० आणि टोक १२५. एकूण ३७० ग्रेन. म्हणजे ३० ग्रेन कमी. टोक १५० ग्रेनचं लावलं तर बाण ३९५ वर येतो. पण टोक जड झालं की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे मऊ वागतो. वजन आणि स्पाइन अशी एकमेकांत गुंतलेली असतात. एक बदललं की दुसरं पुन्हा तपासावं लागतं.

बाण पुढून जड असणं चांगलं. बाण बोटावर तोलून पाहा. ३० इंचांचा बाण खाचेपासून १९.२ इंचांवर तोलला गेला, तर तोलाचा बिंदू मध्यापासून ४.२ इंच पुढे आहे, म्हणजे लांबीच्या १४ टक्के. १० ते १५ टक्के हे सरावाच्या बाणाला ठीक आहे.

दोरी, नॉक आणि पिसं

मध्य भारतातल्या पारंपरिक धनुष्यांना अनेकदा बांबूच्याच कामटीची दोरी असते. ती चपटी असते. कार्बन बाणाचं प्लास्टिकचं नॉक गोल दोरीसाठी केलेलं असतं. चपट्या कामटीवर ते नीट बसत नाही. एकतर घसरतं किंवा जोर लावून बसवताना चिरतं. नॉक घसरलं तर दोरी रिकामीच सुटते आणि धनुष्य तुटण्याची भीती असते.

कार्बन बाण वापरायचाच असेल तर गोल, पिळाची दोरी लागते. ती डॅक्रॉनसारख्या किंचित ताणल्या जाणाऱ्या धाग्याची असावी. अजिबात न ताणणारे आधुनिक धागे बांबूच्या टोकांना फार जोराचा झटका देतात. नॉक दोरीवर हलक्या 'टिक' आवाजाने बसावं आणि दोरीवर बोटाने टिचकी मारल्यावर सुटावं. इतकाच घट्टपणा पुरे.

पिसं प्लास्टिकची नकोत. मुठीवरून किंवा दांड्याला घासून जाणारं प्लास्टिक बाणाला बाजूला उडवतं. खरं पीस दबतं आणि निघून जातं. टर्की किंवा पाळीव बदकाची पिसं वापरावीत. एका बाणावरची तिन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची हवीत. गिधाडासारख्या संरक्षित पक्ष्यांची पिसं गोळा करू नयेत. बाण मुठीवरून सुटत असेल तर हातमोजा घाला. पिसाचा कणा कातडी चिरतो.

जुळणी कशी करायची?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धनुष्य, मग दोरीवरची जागा, मग स्पाइन.

*१. दोरीची उंची.* मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. लाँगबोमध्ये ते साधारण ६ ते साडेसात इंच असतं. दोरीला पीळ दिला की ते वाढतं, सोडला की कमी होतं. ज्या उंचीला धनुष्य कमी आवाज आणि कमी हादरा देतं, ती ठेवा.

*२. खाचेची खूण.* बाण टेकतो त्या जागेपासून दोरीवर काटकोनात आलेल्या बिंदूच्या सुमारे अर्धा इंच वर धागा गुंडाळून खूण करा. दर वेळी बाण याच खुणेखाली लावा.

*३. बिनपिसाची चाचणी.* पिसं लावलेले तीन बाण आणि पिसं न लावलेले तीन बाण घ्या. टोक, लांबी, सगळं सारखं हवं. पाच मीटरवरून सुरुवात करा, मग दहा आणि नंतर पंधरा मीटर. पिसं बाणाची चूक हवेत दुरुस्त करतात. बिनपिसाचा बाण ती लपवत नाही.

*४. निकाल वाचा.* बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्यांसाठी :

– बिनपिसाचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागले, तर बाण ताठ आहे. जड टोक लावा किंवा अधिक मऊ काडी घ्या.
– उजवीकडे लागले, तर बाण मऊ आहे. हलकं टोक लावा, किंवा काडी थोडी कापा, किंवा अधिक ताठ काडी घ्या. हलकं टोक लावलं तर एकूण वजन पुन्हा मोजा.
– खाली लागले, तर दोरीवरची खूण फार वर आहे. वर लागले, तर ती फार खाली आहे.

बाण उजव्या अंगाला ठेवत असाल तर डावं-उजवं उलटं समजा.

एकाच बाणावरून निष्कर्ष काढू नका. हात हलला तरी बाण भरकटतो. दोन-तीन फेऱ्यांत तीच दिशा आली तरच बदल करा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून ठेवा. काडी कापायची झाली तर एका वेळी पाव इंचच. कापलेली काडी पुन्हा लांब होत नाही. ओढीपेक्षा काडी किमान एक इंच लांब राहिलीच पाहिजे.

सुरक्षेचे कोणते नियम पाळायचे?

तडकलेला कार्बन बाण दोरी सोडताना फुटू शकतो आणि त्याचे सुईसारखे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. ही शक्यता मुठीवरून बाण सोडणाऱ्यांनी सर्वांत गंभीरपणे घ्यावी.

– दगडावर आपटलेला किंवा दुसऱ्या बाणाने ठोकलेला बाण लगेच तपासा. दोन टोकं धरून हळू वाकवा, फिरवा, पुन्हा वाकवा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली तर बाण मोडून फेकून द्या, म्हणजे दुसरं कुणी तो वापरणार नाही.
– काडी कापताना मास्क आणि चष्मा लावा. धूळ ओल्या फडक्याने पुसा. पाइप कापायच्या कटरने कापू नका, काडी चिरडते. वेगाने फिरणाऱ्या घासणाऱ्या चकतीने कापा.
– लक्ष्यासाठी धानाची तणस घट्ट बांधून गठ्ठा करता येतो. मागे मऊ मातीचा ढिगारा हवा, दगडी बांध नको.
– सराव संपला की बाण मोजा. कार्बनचे तुकडे कुजत नाहीत. ज्या बांधीत लोक अनवाणी रोवणी करतात, तिथे एकही तुकडा राहता कामा नये.

स्पर्धेत कार्बन चालतो का?

प्रकारावर अवलंबून आहे. रिकर्व्ह आणि कंपाउंडमध्ये कार्बन सर्रास चालतो. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या लाँगबो प्रकारात मात्र बाण लाकडीच लागतो. म्हणजे ज्या धनुष्यासाठी तुम्ही कार्बन जुळवला, त्याच धनुष्याच्या स्पर्धेत तो बाद ठरू शकतो. भारतात बांबू-लाकडाच्या धनुष्यांचा 'इंडियन राउंड' खेळला जातो. अशा स्पर्धेला जाण्याआधी आयोजकांच्या नियमपत्रकात बाणाच्या साहित्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

तरीही कार्बनवरचा सराव वाया जात नाही. बाण सारखे असले की चूक हाताची आहे हे स्वच्छ कळतं. राजस्थानचा आदिवासी तिरंदाज लिंबा राम बांबूच्या धनुष्यावर हात बसवूनच पुढे गेला आणि १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला.

कायदा काय सांगतो?

या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न टाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. म्हणजे ताडोबा-अंधारी, चपराळा किंवा भामरागडच्या संरक्षित क्षेत्रात सरावाचा कार्बन बाण नेला तरी तो कायद्याच्या नजरेत शस्त्रच.

२००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीला सूट दिलेली नाही. त्या कायद्याने पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. बांबू मात्र गौण वनोपज म्हणून ग्रामसभेच्या हाती आला. २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली होती. धनुष्याचा बांबू हक्काचा आहे, शिकार नाही. म्हणून तिरकमठ्याची पुढची वाट मैदानातून जाते. टोकही सरावाचं, गोल किंवा बोथटच घ्यावं. पात्याची टोकं घेऊ नयेत.

मग कार्बन घ्यावा की नाही?

तुमची दोरी बांबूच्या कामटीची असेल, स्पर्धा लाकडी बाणांची असेल किंवा गावात चांगले बांबूचे बाण करणारा माणूस असेल, तर कार्बनची गरज नाही. बांबूचेच बाण वजन करून, वाकवून बघून, सारखे सारखे वेगळे काढले तरी मोठा फरक पडतो. वर सांगितलेली बिनपिसाची चाचणी त्यांनाही लागू होते.

नियमित सराव करायचा असेल आणि हाताची चूक शोधायची असेल, तर कार्बन उपयोगी आहे. क्रम एवढाच लक्षात ठेवा : आधी ओढ मोजा, मग मऊ बाजूची स्पाइन निवडा, वजन पूर्ण करा, पूर्ण लांबीच्या काडीवर चाचणी घ्या आणि कापायचं काम सर्वांत शेवटी.